वाळूखालचे निळे धागे

रेमेदिओसबाई आल्या त्या बसल्याच नाहीत. "गुन्हेगार मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त पुरावा द्या."

निएवेसने खुर्ची पुढे सरकवली. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उन्हात खाजगी तपासनीस म्हणून लोकांच्या भानगडी निस्तरून ती थकली होती, आणि गुन्हेगार आधीच ठाऊक असलेली गिऱ्हाइकं तिला सर्वांत जास्त थकवत. तिचा जोडीदार एवारिस्तो मात्र खूश झाला. अर्धं काम झालं, असं त्याला वाटलं.

बाईंच्या पॉलीहाऊसच्या मातीत प्लास्टिकचे असंख्य बारीक कण सापडले होते. सेंद्रिय टोमॅटोचा दाखला रद्द होणार होता.

"माझा गडी इद्रीस, त्यानंच कचरा पुरलाय. इतकी वर्षं माझं मीठ खाल्लं. सोमवारी त्याला काढते."

काम गेलं की इद्रीसचा या देशात राहण्याचा परवानाही जाणार होता. मोरोक्कोत त्याचं आता कुणी उरलं नव्हतं.

बाईंच्या गावी, नीहारला पोचताच निएवेस पॉलीहाऊसमध्ये गुडघ्यांवर बसली. ओल टिकावी म्हणून वर पसरलेली वाळू तिने हाताने बाजूला केली. ती स्वच्छ होती. खाली काळ्या खताचा थर होता आणि त्यात निळे धागे, सगळे बोटाच्या पेराएवढे. काहींना गाठ होती. चिमटीत धरला की धाग्याचा भुगा होई.

शेजारचा खिनेस बांधावर उभा होता. त्याच्या पॉलीहाऊसचं छत फाटून लोंबत होतं.

"हे तुझंच उडून आलं नसेल?" एवारिस्तोने विचारलं.

"माझं छत पांढरं आहे, साहेब. डोळे तपासून घ्या. आणि वाऱ्यानं आलेलं वाळूवर पडतं. वाऱ्याच्या हातात काय फावडं असतं?"

"वाळू शेवटची कधी हटवली होती?" निएवेसने विचारलं.

"खाली नवं खत भरताना. बाई सेंद्रिय झाल्या, त्याच्या आदल्या हंगामाअखेर. खत दोघांचं एकाच मेंढपाळाचं. माझ्याकडे उकरून बघा, निळं काही नाही. वाळू ओढायलाही मीच गेलो, कारण इद्रीस आईच्या मातीला गावी गेलेला. वर बाईंनी माझं कुट्टी यंत्र नेलं, ते बोथट करून परत दिलं."

इद्रीस आत वेली बांधत होता, कापसाच्या दोरीने.

"निळी सुतळी? ती सेंद्रिय व्हायच्या आधीची, प्लास्टिकची," तो म्हणाला. "वेल उपटण्याआधी मी एकेक सोडवायचो. बाई ओरडायच्या, वेळ काय फुकटचा आहे का?" त्याचे हात थांबले नाहीत. "मला काढणार आहेत ना?"

निएवेसने काही निळे धागे रुमालात गुंडाळून घेतले.

"याला बरंच ठाऊक आहे," बाहेर आल्यावर एवारिस्तो म्हणाला. "मला तर हाच वाटतो."

"तुला सकाळपासून हाच वाटतोय," निएवेस म्हणाली. "चल, बाईंकडे जाऊ."

रेमेदिओसबाईंच्या स्वयंपाकघरात तिने ते धागे ताटलीत ठेवले.

"हे वाळूखाली आहेत, म्हणजे वाळू हटवली तेव्हाच आत गेले. खताबरोबर आले असते, तर खिनेसकडेही दिसले असते. गाठी आहेत, म्हणजे वेलींना बांधलेले होते. आणि सगळे एकाच मापाचे. पुरलेला कचरा असा नसतो, कुट्टी अशी असते. यंत्र तुम्ही आणलंत, बाई. निळ्या सुतळीचा तो शेवटचा हंगाम. सुतळी सोडवणारा माणूस तेव्हा आईला पुरायला गेला होता."

बाई आता बसल्या.

"मातीचं ते मातीला द्यावं, असं वडील सांगायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून वेली कुटून खतात घातल्या. सुतळी कुजेल असं वाटलं."

"कुजली नाही, बारीक झाली. पाणी दिलंत तशी खाली उतरली. आता गांडुळांच्या पोटातही असेल."

"निघेल?"

"नाही."

एवारिस्तोला बाईंची फार दया आली. सकाळी आपण किती खूश झालो होतो, याची त्याला लाज वाटली.

"इद्रीसला तुम्हीच सांगता का?" बाईंनी विचारलं.

"ते माझं काम नाही."

बाई उठल्या. दोघं त्यांच्या मागून गेले. वेलींच्या रांगेत उभं राहून बाईंनी सगळं सांगितलं, सोमवारचंही. "तू कुठं जायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "दाखला जाईल तो माझ्या चुकीनं जाईल, तसंच सांगेन."

इद्रीसने हातातली गाठ पुरी केली.

"मी इथं असतो तर सोडवली असती, बाई," तो म्हणाला. "एकेक."