जाळरेषेवरचा तंबू

"अहो गुरुजी, तो खुंटा उपटा! ती जागा आमाले जाळायची आहे!"

आवाज वरच्या सागवनातून आला. देवराव मास्तरांचा हातोडा हवेतच राहिला. ताडपत्रीचं टोक धरून उभी असलेली त्यांची मुलगी गोकुळा मागे वळली. खाकी कपड्यांतला एक तरुण उतारावरून धावत येत होता. सागाची वाळकी पानं त्याच्या बुटांखाली पापडासारखी मोडत होती.

"जाळायची?" ती म्हणाली. "आमाले सोडून, का आमच्यासकट?"

तो थांबला. धाप लागली होती, तरी हसला. "तुमी सरकल्या तर... सोडून."

१९८६ सालचा जानेवारी होता. मास्तर आलापल्लीच्या पुढच्या डोंगरात सहलीची जागा बघायला, तंबू ठोकून पाहायला आले होते. चामोर्शीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, फळ्यावर कितीतरी डोंगर काढले. पण एकाही डोंगरावर मुक्काम केला नव्हता. आता त्याच शाळेत शिकवणाऱ्या गोकुळाला बघायला फेब्रुवारीत नागपूरचे पाहुणे येणार होते. मुलगा बँकेत, होकार जवळपास ठरलेला. ती सासरी जाण्याआधी सगळ्या घराने मिळून तंबूत राहायचं, असं मास्तरांनी मनावर घेतलं होतं. आणि गवत कापलेला, झुडपं काढलेला हा सरळ पट्टा दिसताच ते हरखून गेले होते.

तो पट्टा म्हणजे जाळरेषा होती. उन्हाळ्यातला वणवा अडावा म्हणून जंगल खात्याची माणसं असे पट्टे हिवाळ्यातच साफ करतात आणि जाळून ठेवतात. वनपाल श्रीहरीने हे सगळं खुंटा उपटता उपटता सांगितलं.

"मग जागा तुम्हीच दाखवा, साहेब," गोकुळा म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याने ओढ्याकाठची जागा दाखवली. गोकुळाला ती ओलसर वाटली. मग टेकाडावरची दाखवली. तिथे वारा फार, असं तिचं मत पडलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"वारा?" श्रीहरीने आजूबाजूला पाहिलं.

"मले लागून राह्यला ना."

"मग... अजून एक जागा आहे. पण दूर आहे. पुन्हा यावं लागंल."

"येऊ की."

मास्तर पुढे चालत होते, ते बरं होतं. वाट अरुंद होती. आडवी आलेली बांबूची फांदी श्रीहरी धरून ठेवी, ती खालून जाई, आणि फांदी सुटेपर्यंत दोघंही गप्प असत.

"शाळेत पोरं भीत असतील तुमाले, मॅडम."

"तुम्ही भिता का?"

"मी वाघाले नाई भीत."

"मी वाघाचं नाई विचारलं."

त्याचे कान लाल झाले.

पाहुण्यांविषयी तिने त्याला सांगितलं नव्हतं. दर वेळी सांगायचंच असं ठरवून ती एसटीत बसे... आणि न सांगताच परतीच्या गाडीत चढे.

तिसरी जागा म्हणजे एक सपाट खडक होता. समोर सगळी दरी, खाली धुकं. नाव ठेवायला काही उरलं नाही. सहलीची तारीख ठरली.

मग दोन दिवस अवकाळी भुरभुर लागली.

बाजाराच्या दिवशी श्रीहरी चामोर्शीला मास्तरांच्या घरी आला. बूट बाहेर काढले, बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, खुर्चीच्या कडेवर टेकला. गोकुळाच्या आईने, गिरजाबाईंनी, चहा दिला.

"गुरुजी, जाळरेषेचं गवत भिजलं," तो म्हणाला. "वाळल्याबिगर पेटणार नाई, मग जाळणं तुमच्या सहलीच्याच दिवशी येते. त्या बाजूले इतक्यात तंबू नको. सहल आठवडाभर पुढे घ्या."

"तवा तर गोकुळीचे पाहुणे आहेत," गिरजाबाई म्हणाल्या. "नागपूरचे. पोरीले पाहायले येऊन राह्यले."

श्रीहरीने ओठांशी नेलेली बशी थांबवली. त्याने ती हळूच खाली ठेवली.

"असं..." तो म्हणाला. "मग सहल राहू द्या."

"सहल नाई, पाहुणे राहू द्या," गोकुळा दारातून म्हणाली.

"काऊन वं?"

"गवत ओलं आहे, आई."

"गवताचं अन् पाहुण्यायचं काय नातं?"

गोकुळा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग श्रीहरीकडे. इतक्या रविवारच्या पायपिटीचा अर्थ त्यांना आत्ता लागत होता.

गिरजाबाईंनाही लागला असावा. त्यांनी सरळ विचारलं, "घरचे काय करतात तुमचे, भाऊ?"

"बाबा तळ्यात जाळं टाकतात, गोंडपिपरीकडं. आमी ढिवर, बाई." त्याने मान खाली घातली नाही.

गिरजाबाईंनी बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"सहल पुढे घेतली," मास्तर सावकाश म्हणाले, "तर तुम्ही याल? आमच्यासोबत, जेवायला, राहायला?"

"नाई जमणार, गुरुजी. आगीचा हंगाम लागला का आमची सुट्टी बंद. पाऊस येईपर्यंत पहाऱ्यावर."

"कोणालाच देत नाहीत?"

"एका कारणाले देतात आमचे साहेब."

"कोणत्या?"

श्रीहरी चहाकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली—मास्तरांकडे नाही, दाराकडे.

"स्वतःच्या लग्नाले."

गोकुळाच्या बोटाभोवतीचा पदर सुटला. ती उंबरठा ओलांडून आत आली.

"मग मागा ना," ती म्हणाली. "सुट्टी."

श्रीहरी उठून उभा राहिला. "गुरुजी...?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मुलीचा चेहरा त्यांनी नीट पाहून घेतला.

"नागपूरला मी कळवतो," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या बाबांना घेऊन या. आणि सुट्टी मिळाली की लगेच सांगा, म्हणजे सहल त्याच दिवसांत काढू."

"अहो!" गिरजाबाईंनी कपाळाला हात लावला. "त्या सुट्टीत लगन करन तो पोरगा, का तुमचा तंबू ठोकन?"