समोरच्या खोलीतलं घोरणं

कोणाला पटवून द्यायला मी हे लिहीत नाहीये. पटणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरातल्या तिघांनी ते आपल्या कानांनी ऐकलं आणि तिघंही अजून हयात आहोत, एवढंच सांगते.

जागा... बाळापूर, जिल्हा अकोला.

रात्र... १४ डिसेंबर २०१५, सोमवार.

माझं नाव नगमा. तेव्हा मी अमरावतीजवळ नांदगाव पेठला एका कपड्याच्या कारखान्यात शिलाईवर सुपरवायझर होते. अम्मी-अब्बा बाळापूरला राहायचे. अब्बांचं नाव गुलाम नबी. त्यांचा स्वतःचा टेम्पो होता. कापसाच्या जिनिंगमधून सरकीची पोती भरायची आणि तेलाच्या मिलवर नेऊन टाकायची, हा त्यांचा धंदा.

अब्बा घोरायचे.

साधंसुधं नाही. गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं. आणि त्या घोरण्यात मधेच एक थांबा यायचा.

घर्रर्र... घर्रर्र... आणि मग काहीच नाही.

अम्मी अंधारात मोजायची. एक, दोन, तीन... तीसपर्यंत गेली की अब्बांना कोपराने ढोसायची. मोठ्ठा हुंदका दिल्यासारखा श्वास यायचा आणि गाडी परत सुरू. लग्न झाल्यापासून तिने एकही रात्र सलग झोपून काढली नव्हती. त्याला आजार म्हणतात, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?

त्या ऑक्टोबरात अब्बांचा टेम्पो मूर्तिजापूरच्या अलीकडे बाभळीवर जाऊन आदळला. भरदुपारी, मोकळ्या रस्त्यावर. लोक धावत गेले तेव्हा अब्बांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते आणि डोळे मिटलेले.

ते झोपले होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एक डबी दिली, वायरी लावून रात्रभर झोपायला. रिपोर्ट आला. तासाला बासष्ट वेळा श्वास थांबतो. एकदा तर एकाहत्तर सेकंद.

"झोपताना हवेचं मशीन लावायचं. सीपॅप म्हणतात. ते लागत नाही तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कोणी झोपेत गेलंय का?"

अब्बा टोपी हातात घेऊन खाली बघत बसले.

अम्मीच बोलली. "यांचे मोठे भाऊ. रसूलभाई."

रसूल चाचांनी लग्न केलं नव्हतं. ते कापूस पिंजायचे आणि गाद्या भरायचे. आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. समोरच्या खोलीत चाचांचा लोखंडी पलंग, मधल्या खोलीत अम्मी-अब्बा, मागे स्वयंपाकघर. २००६ साली एका सकाळी अम्मी चहा घेऊन गेली तर चाचा थंड पडलेले. हार्ट बंद पडलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. रात्री कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

कसं येणार? मधल्या खोलीत अब्बा घोरत होते ना!

असो. मशीन घ्यायचं ठरलं. पण त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. कापूस निम्म्यावर, जिनिंग अर्धी बंद, आणि आता टेम्पोही दारात उभा. स्कूटीसाठी मी थोडे पैसे बाजूला टाकले होते, तेच काय ते.

अमरावतीला बंडूभाऊ म्हणून एक गृहस्थ ही मशीन विकायचे. त्यांनी टेबलावर दोन ठेवली. एक स्वस्त, त्यात हवेचा दाब एकच, ठरवून दिलेला. दुसरं महाग, ते श्वास बघून दाब आपोआप कमीजास्त करायचं.

"तासाले बासष्ट म्हनजे जास्त हाये ताई. ऑटोच घ्या," बंडूभाऊ म्हणाले. "आनि मास्कवर पैसे वाचवू नका. दाढी हाये ना त्याइले? मग फक्त नाकाचा घ्या. मास्क नीट नाही बसला तर हवा फुसफुस करत निसटते. बसला की आवाज बंद. बस, एवढं ध्यानात ठेवा."

"आणि लाईन गेली तर?"

"गुदमरत नाही. भोकं असतात त्याले. पन घोरनं परत सुरू."

स्कूटीचे पैसे गेले, वर तीन हप्ते ठरले. मी ऑटोच घेतलं. आठ दिवसांची रजा टाकून बाळापूरला आले.

ती पहिली रात्र म्हणजे १४ डिसेंबर.

अब्बा मास्क लावून पडले. आधी कुरकुर केली. "हत्तीची सोंड लावून देल्ली मले पोरीनं." पाच मिनिटांत झोपले.

आणि घर गप्प झालं.

तशी शांतता मी त्या घरात जन्मात ऐकली नव्हती. स्वयंपाकघरात पडल्या पडल्या मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. अम्मीला तर झोपच येईना. ती अब्बांच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

एक वाजून गेला असेल. माझा डोळा लागत होता.

घर्रर्र...

मला वाटलं, मास्क सरकला.

घर्रर्र... घर्रर्र...

मी उठून मधल्या खोलीत गेले. अम्मी तशीच बसलेली. अब्बांचा श्वास लहान मुलासारखा हळू चालला होता. मास्क जागेवर होता.

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं मान वळवली...

समोरच्या खोलीकडे.

आवाज तिकडून येत होता.

त्या खोलीत कोणीच झोपत नव्हतं. पलंगावर जुन्या गाद्या आणि गोधड्या रचलेल्या होत्या. मधलं दार लोटलेलं होतं. उघडायची हिंमत ना तिची झाली, ना माझी.

घर्रर्र... आणि थांबलं.

अम्मीचे ओठ हलायला लागले. सवयच ती. एक, दोन, तीन... तीस... चाळीस... पन्नास...

हुंदक्यासारखा श्वास आला. परत सुरू.

असं आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून पहाटेपर्यंत ऐकत बसलो. पावणेचारला ते पुन्हा थांबलं. अम्मी मोजत राहिली. शंभर. दीडशे. दोनशे. 

श्वास परत आलाच नाही.

उजाडल्यावर दार उघडलं. गाद्या जशाच्या तशा, वरची धूळही हललेली नाही.

"रसूलभाई होते ते," अम्मी म्हणाली.

"अम्मी, नऊ वर्षं झाली."

"हो ना वं. नऊ वर्षांपासून रोज होत असन. आपल्याले ऐकू येत नव्हतं, एवढंच."

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. बरोबर पावणेचार. आम्ही अब्बांना सांगितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणूस सकाळी हसत उठत होता. डोकं दुखत नव्हतं. दिवसा बसल्या बसल्या पेंगत नव्हता.

चौथ्या रात्री अब्बा पाणी प्यायला उठले.

मास्क काढला. ग्लास तोंडाला लावला. आणि तसेच उभे राहिले...

"भाऊ?"

मी जागीच होते. त्यांना अडवायला उठले, पण ते दार उघडून आत गेलेसुद्धा. समोरच्या खोलीत अंधार. गाद्यांच्या ढिगाखालून यावा तसा दबलेला आवाज. अब्बांनी एकेक गादी उचलून खाली टाकली. पलंग मोकळा झाला, तळाशी जुनी उशी तेवढी उरली. तेवढ्यात घोरणं थांबलं.

"त्याचा दम अटकला," अब्बा ओरडले. "नगमा, मशीन आन!"

मी हलले नाही. तेच धावले. मशीन आणून उशाशी ठेवलं, वायर जोडली, चालू केलं. मास्क रिकाम्या पलंगावर, उशीवर ठेवला.

फुस्स्स... हवा निसटत होती.

मी दारात उभी होते. मशीनचा हिरवा दिवा, उशी आणि मास्क... एवढंच दिसत होतं.

फुस्स्स...

आणि हवा निसटायची थांबली.

एकदम थांबली. जशी मास्क नीट बसल्यावर थांबते.

मग आत कोणीतरी हळूच श्वास घेतला. सोडला. परत घेतला.

मास्कचे पट्टे सैल पडले होते. आत काहीच नव्हतं. माझी शपथ, काहीच नव्हतं.

पावणेचार वाजले. श्वास चालू होता. चार वाजले. साडेचार वाजले. अब्बा जमिनीवर बसून रडत होते.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अब्बा मशीन लावेनात. रात्री एक वाजला की उठून समोर नेऊन ठेवायचे आणि स्वतः तसेच झोपायचे. घोरणं परत, तो थांबा परत. अम्मीचं ढोसणं परत.

मी भांडले. "अब्बा, जो गेला त्याच्यासाठी तुम्ही मरणार का?"

"मी बारा वर्षांचा होतो तवा भावानं पिंजन खांद्यावर घेतली, मले शाळेत धाडलं," अब्बा म्हणाले. "आनि त्याचा दम अटकला तवा मी दहा हातांवर घोरत पडलो होतो. आता ऐकू येऊन राह्यलं, तर कान बंद करू?"



अम्मी म्हणाली, "दुसरी मशीन घे."

"कोणासाठी, अम्मी?"

"तुले मालूम हाये कोनासाठी."

जानेवारीत मी बंडूभाऊंकडे परत गेले. कोणीतरी वापरून परत केलेलं एक साधं मशीन त्यांच्याकडे होतं, एकाच दाबाचं. तेवढंच झेपणार होतं.

"कोनासाठी, ताई?"

"चाचांसाठी."

"रिपोर्ट?"

"काढता येत नाही."

"वजन किती असन?"

मी पर्समधून पैसे काढून मोजायला लागले.

"बरं, श्वास अटकतो का त्याइचा?"

"अटकतो. पहाटे पावणेचारला अटकला की परत येत नाही."

बंडूभाऊ हसले. "असं कसं होईन ताई? परत तर येतच असन." मग थोडा विचार करून म्हणाले, "अब्बाइले साधारन बाराचा दाब लागते. सख्खे भाऊ ना? बारावरच ठेवतो."

त्या दिवसापासून घरात दोन मशीन चालायला लागली. एक मधल्या खोलीत, एक समोर. अम्मी रात्री दहाला स्वतः जाऊन समोरचं चालू करायची, सकाळी बंद करायची. घोरणं गेलं. दोन्हीकडून मऊ श्वास. अब्बा टेम्पोवर जायला लागले. खरं सांगते, मला वाटलं, मिटलं सगळं.

फेब्रुवारीत बंडूभाऊ अकोल्याच्या कामाला आले होते, तिथून बाळापूरला आले. दोन्ही मशीनमधली, रात्रीची नोंद ठेवणारी कार्डं लॅपटॉपला लावली. मी दोन दिवसांच्या सुट्टीवर घरीच होते.

"अब्बा, बासष्टवरून चारवर आले तुमी! एक नंबर." मग दुसरं कार्ड. "आनि हे चाचा... रोज साडेसात तास. हवा जरासुद्धा निसटत नाही. असा पेशंट म्या पाह्यला नाही. रातभर कूससुद्धा बदलत नसतीन." त्यांनी मान वर केली. "कुठी हायेत? भेटू तरी द्या."

अब्बा म्हणाले, "झोपलाय."

बंडूभाऊ चाचांच्याच पलंगाच्या कडेवर बसून चहा पीत होते.

ते गेले. त्याच रात्रीची गोष्ट.

पहाटे मला जाग आली ती फुस्स आवाजाने. समोरच्या खोलीत मास्कमधून हवा निसटत होती.

अम्मी-अब्बाही उठून बसले होते. अब्बांनी आपला मास्क काढला.

लोखंडी पलंग करकरला... कोणीतरी उठून बसावं तसा.

खट्. मशीनचं बटण. आवाज बंद.

मग बराच वेळ काहीच नाही. कपड्यांची सळसळ. आणि अनवाणी पावलं... सावकाश, दाराकडे.

"भाऊ?" अब्बांनी हाक मारली.

पावलं थांबली.

मी श्वास रोखून धरला होता. किती वेळ, सांगता येत नाही.

मग बाहेरच्या दाराची कडी निघाली.

आम्ही आत गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं. गार वारा आत येत होता. गल्लीत कोणी नव्हतं. मास्क पलंगाच्या दांडीला नीट अडकवलेला. गोधडीची चौपदरी घडी करून उशाशी ठेवलेली. अम्मीनं ती घडी बघितली आणि तोंडाला पदर लावला. घरात दुसरं कोणी तशी घडी घालत नाही.

घड्याळात सव्वापाच झाले होते.

त्यानंतर त्या खोलीतून कधीच आवाज आला नाही. समोरचं मशीन मी परत केलं नाही, कपाटावर ठेवून दिलं. अब्बा ठणठणीत आहेत. अम्मी रात्रभर झोपते. ती म्हणते, चांगलं झालं, झोप पुरी झाली आणि भाईजान उठले.

मी मात्र बाळापूरला मुक्काम करायचं टाळते. दिवसा जाते, संध्याकाळच्या बसने परत येते. अम्मी विचारते, "काहून वं पोरी, राहत काहून नाहीस?" मी काहीतरी कारण सांगते.

खरं कारण तिला सांगितलेलं नाही.

झोपेत होते तोवर चाचा कुठं आहेत, हे आम्हाला माहीत होतं.

आता ते जागे आहेत...