नायक आधी नाही म्हणतो

कार्ड १ : रोजचं जग

"नको रे जाऊस! तुझा बाप गेला तो आलाच नाही... आता तूही?"

आणि मग हमसून हमसून रडणं.

लोटलेलं दार धाडकन उघडलं. दारात एक उंच माणूस. गळ्यात हेडफोन, हातात पाण्याचा पेला, आणि पेल्यातलं निम्मं पाणी शर्टावर.

"काय झालं? कोण गेलं?"

लेखिकेने डोळे पुसले. "खलाशी. म्हणजे... अजून गेला नाहीये. ही त्याची आई."

"कुठे आहे आई?"

"मीच."

ती पटकथा लिहायची, आणि प्रत्येक पात्राचं बोलणं मोठ्याने म्हणून बघायची. तो शेजारच्या खोलीत नुकताच आलेला संकलक, दिवसभर चित्रपटांची कापाकापी करणारा. मधली भिंत इतकी पातळ, की शिंकलं तर पलीकडून उत्तर यावं.

त्याचं लक्ष फळ्यावर टाचलेल्या बारा कार्डांकडे गेलं. रोजचं जग, हाक, नकार, गुरू, उंबरठा... अगदी घरी परत येईपर्यंत.

"हे काय?"

"पुराणकथांमधला जुना आराखडा. घर सोड, राक्षस मार, अमृत घेऊन परत ये. माझे सगळे नायक याच वाटेने जातात."

"आणि नकार कशाला मध्ये?"

"हाक आली की नायक आधी नाहीच म्हणतो. घाबरतो ना! लगेच हो म्हणणारा नायक खोटा वाटतो."

"बरं," तो म्हणाला. जाता जाता मागे वळला. "आई थोडी कमी रडली तरी चालेल... दोन ओळी जास्त आहेत."

आगाऊच होता. पण त्या दोन ओळी खरंच जास्त होत्या.

कार्ड २ : हाक

मग भिंतच बोलायला लागली. इकडे तिने संवाद म्हणायचा, तिकडून एक ठोका आला की ठीक. दोन ठोके म्हणजे, लांबलं, कापा. तिच्या आत्यालाही ही भाषा पाठ झाली. आत्या तिच्याकडेच राहायची आणि खिडकीपाशी बसून भाजी निवडता निवडता म्हणायची, "दोन वाजले गं. काप मुकाट्याने."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तो इकडे येऊन खलाशाचे संवाद म्हणायचा, ती कप्तानाचे. एकदा तो ओळ विसरून तिच्याकडे नुसता बघतच राहिला, आणि तिनेही पुढची ओळ सुचवली नाही.

आणि एका संध्याकाळी जिन्यात तो म्हणाला, "मला नदीपलीकडे मोठी जागा मिळतेय. रविवारी जाईन. दोन टेबलं मावतील... येतेस? नुसतं टेबलापुरतं नाही म्हणत मी. आत्यांसाठीही खोली आहे."

कार्ड ३ : नकार

"नाही," ती म्हणाली.

(हे कार्ड एवढंच.)

मधल्या जागेतलं एक कोरं कार्ड

तो "बरं" म्हणाला आणि वर निघून गेला.

भिंत गप्प झाली. तिने आईला रडवलं, कप्तानाला ओरडायला लावलं, वादळसुद्धा तोंडाने काढलं. ठोका नाही. पलीकडून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. खोकी बांधली जात होती.

कार्ड ४ : गुरू

"त्याने पुन्हा विचारलंच नाही, आत्या."

आत्या वाटाणे सोलत होती. "का विचारेल? तू नाही म्हणालीस."

"पण पहिला नकार हा नेहमीच—"

"हे त्याला ठाऊक आहे?"

"मी सांगितलं होतं की! पहिल्याच दिवशी."

"सिनेमाबद्दल सांगितलंस. जिन्याबद्दल नाही." आत्याने एक दाणा तोंडात टाकला. "भला माणूस आहे. नाही म्हटल्यावर मागे लागत नाही. लागला असता, तर मीच हाकलला असता. तू 'नाही' का म्हणालीस, ते सांग."

ती शेंगांच्या सालांशी खेळत राहिली.

"भीती वाटली गं. कार्ड चुकलं तर काढून दुसरं टाचता येतं. हे..."

"मग? तुझे नायक भीती गेल्यावर निघतात का?"

"नाही... घाबरतच निघतात."

"आणि उंबरठ्यावरून त्यांना कोण उचलून नेतं?"

"कोणीच नाही."

"मग ऊठ. वाटाणे मी बघते."

कार्ड ५ : उंबरठा

त्याचं दार उघडंच होतं. खोक्यांच्या मधोमध तो उभा होता.

"या," तो म्हणाला.

"परवापर्यंत 'ये' होतं."

 तो एका खोक्यावरची धूळ उगीच पुसत राहिला.

"मी नाही म्हणाले ते... तू कापून टाकलंस?"

"संकलक काही टाकत नाही," तो हळूच म्हणाला. "बाजूला ठेवतो. पण नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणं मला जमत नाही."

"जमूही नये." तिने श्वास घेतला. "म्हणून आता मी विचारते. घाबरले होते. अजूनही घाबरलेलीच आहे. पण मला यायचंय. तुझ्याबरोबर राहायचंय. माझं टेबल खिडकीपाशी... चालेल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"नाही."

ती एक पाऊल मागे सरली. आणि मग तिला त्याच्या ओठांचा कोपरा दिसला. थरथरत होता. हसू आवरताना त्याची नेहमीच अशी फजिती व्हायची.

"लगेच हो म्हणणारा नायक खोटा वाटतो," तो म्हणाला. "असं कोणीतरी सांगितलंय मला."

"गाढवा!" तिने हाताला लागला तो चिकटपट्टीचा गुंडाळा फेकला. तो त्याने झेलला, आणि पाठोपाठ तिचा हातही. दोन्ही सोडले नाहीत.

(सहा ते अकरा ही कार्डं इथे यायला हवीत. राक्षस, गुहा वगैरे. तिने ती टाचलीच नाहीत.)

कार्ड १२ : घरी परत

"पुन्हा विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"येऊ?"

 तिचा हात तसाच धरून त्याने दुसरा हात मागे नेला आणि भिंतीवर वाजवलं. एकदा.

ती हसली. तो जवळ आला. ती जिथल्या तिथेच उभी राहिली. तिचं कपाळ त्याच्या हनुवटीला टेकलं, आणि दोघं तशीच... बराच वेळ...

भिंतीपलीकडून दोन ठोके आले.