पुढची भाऊबीज

ज्यांचे कोणी निरंतरयानात गेले होते, त्यांच्या घरी भिंतीवर दोन दिनदर्शिका असत. एक पृथ्वीची, दुसरी यानाची. यानाच्या दिनदर्शिकेचे पान सुरुवातीला बरे उलटायचे, पुढे पुढे ते हलेनासे होई. निरंतरयान म्हणजे ज्याचे इंजिन कधीच बंद होत नाही असे यान. त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जवळ जात राहतो आणि यानातला काळ पृथ्वीच्या मानाने मंदावत जातो.

हेमांगीचा धाकटा भाऊ दिगंत असा गेला, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. आईवडील नाहीत, भाऊ एकुलता एक, आणि तोही परत न येण्याच्या वाटेवर. राग तर बाईंच्या नाकावरच असायचा. निघायच्या आदल्या दिवशी भाऊबीज होती. पाट मांडला, ताट तयार केले, आणि भाऊ घरात असताना तिने अंगणात जाऊन चंद्राला ओवाळले, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसे. दिगंत मुकाट्याने गेला. प्रवाशांच्या नातेवाइकांसाठी यानाची माहिती द्यायला सभा ठेवली होती, तिलाही ती फिरकली नाही. पुढे जवळजवळ वर्षभर त्याला निरोप पाठवायची सोय होती, पण तिने एक शब्द पाठवला नाही.

तो मात्र यानातल्या प्रत्येक भाऊबिजेला निरोप पाठवी. पहिला पावणेदोन वर्षांनी आला. तो ऐकून हेमांगीचा राग पार विरघळला. तिने रडत रडत उत्तर दिले. दुसरा आला त्यानंतर पाच वर्षांनी. तिसरा आणखी चौदा वर्षांनी, म्हणजे आज.

श्रवणकेंद्रातल्या डॉ. शरयू मोकाशींनी तो लावला. दिगंतचा आवाज अजून तरुण होता.

"ताई, ही तिसरी भाऊबीज. अजून रुसलीयस? एक शब्द तरी बोल गं."

हेमांगी हसली. "वेडाच आहे! दोनदा उत्तर दिलंय मी. पोचेल सावकाश. आता पुढचा निरोप कधी, ते सांगा."

"पावणेदोन, पाच, चौदा. प्रत्येक पद मागच्याच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. पुढचं पद अडतीस."

"म्हणजे मला शंभरी गाठायला हवी. गाठीन हो! माझं उत्तर तरी तोवर मिळेल ना त्याला?"

मोकाशी म्हणाल्या, "हेमाताई, यान सुटल्यावर वर्षाच्या आतच एक क्षण येतो. आम्ही त्याला निरोपरेषा म्हणतो. त्यानंतर इथून पाठवलेलं काहीच यानाला गाठू शकत नाही."

"असं कसं? प्रकाश यानापेक्षा वेगानं जातो ना?"

"जातो. अंतर कमी कमी होत राहतं, पण संपत नाही. यान पुढे वेग वाढवतच असतं."

"मग माझी उत्तरं?"

"दोन्ही रेषेनंतरची. सभेत हे सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्ही पहिल्यांदा इथे आलात, तेव्हा उशीर होऊन गेला होता. तुम्हांला सांगायचा आम्हांला धीर झाला नाही. चुकलंच आमचं."

हेमांगीला रडूही येईना. तिने विचारले, "मग त्याला इथलं काय ऐकू येतं?"

"यान सुटल्यानंतरचं पृथ्वीचं पहिलं वर्ष. तेही ताणत ताणत, दिवसेंदिवस संथ होत. त्या वर्षाचा शेवट त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. त्याच्या लेखी इथे अजून तेच वर्ष चालू आहे, आणि ते चालूच राहील."

"तेच वर्ष," हेमांगी म्हणाली. "मी त्याच्याशी बोलत नव्हते ते."