पाण्याकडचे दार

ट्युनिशियातल्या मंझिल अब्दुर्रहमान गावच्या वल्हेकरी क्लबाच्या नव्या इमारतीचे नकाशे मुंझिरच्या टेबलावर आले, तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे आधी दारे पाहिली. इमारती तपासणाऱ्या माणसाला खोल्यांशी फारसे देणेघेणे नसते. आग लागली, दिवे गेले, लोक घाबरून धावले, तर ते कुठून आणि किती लवकर बाहेर पडतील एवढाच त्याचा प्रश्न. जिना किती रुंद, दार कुठल्या बाजूला उघडते, शेवटच्या खुर्चीपासून मोकळ्या हवेपर्यंत किती चालावे लागते. मुंझिरला या कामाची आवड होती असे नाही, पण तो त्यात चुकत नसे. बिझर्तचे कंत्राटदार त्याच्या नावाने बोटे मोडायचे ते त्यामुळेच.

तळमजल्यावर मोठा हॉल होता. त्याला दोन दारे. एक रस्त्याकडे, दुसरे थेट खाऱ्या सरोवराकडे. दुसऱ्या दाराबाहेर जुन्या क्लबाच्याच दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांनंतर पाणी. मुंझिरने त्या दारावर लाल गोल काढला. एवढ्या माणसांच्या हॉलला जमिनीवर उघडणारी दोन दारे हवीत, आणि पाणी म्हणजे काही सुरक्षित जागा नव्हे. शिवाय लहान मुले येणार. दार काढून भिंत घालावी, दुसरे दार पूर्वेच्या अंगणात द्यावे, असा शेरा त्याने लिहिला.

जागा पाहायला मात्र जावेच लागणार होते. मुंझिरचे घर त्याच गावात होते, वरच्या आळीत, क्लबापासून चढाचा रस्ता चालत गेले की आलेच. तरी गेल्या तीसेक वर्षांत तो या किनाऱ्याला उतरला नव्हता. फाईल दुसऱ्या कुणाकडे देता आली असती, पण मग कारण सांगावे लागले असते.

खमैस उलट्या घातलेल्या होडीवर बसून तिच्या फळ्यांना तेल चोळत होता. त्याला सगळे ‘अम खमैस’ म्हणत. अम म्हणजे काका. तो कुणाचाच सख्खा काका नव्हता, अख्ख्या किनाऱ्याचा होता. मुंझिरला वल्हे धरायला त्यानेच शिकवले होते.

“आलास?” तो मान वर न करता म्हणाला. “रस्त्यानं आलास?”

“गाडीनं आलो, अम खमैस. रस्त्यानंच येणार.”

“तेच विचारलं.”

मुंझिरने नकाशा उलगडून बोनेटवर ठेवला आणि भिंतीचे सांगितले. खमैसने तेलाचे हात पँटला पुसले.

“ते दार राहू दे, बाळा.”

“नियमात बसत नाही.”

“तुझ्या नियमांत सगळं बाहेर पडायचं लिहिलंय. आत यायचं कुठं आहे?”

“आत यायला नियम कशाला? माणूस आत येतोच.”

“असं म्हणतोस?” खमैस त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. “एक जण यायचा राहिलाय. तो आला की खुशाल घाल भिंत. सिमेंट मी कालवून देतो.”

मुंझिरने नकाशाची घडी घातली. कोण यायचा राहिलाय ते त्याला विचारायची गरज नव्हती.

क्लबाची एक जुनी रीत होती. पाण्याकडच्या दाराने गेलेल्याने पाण्याकडच्या दारानेच परत यायचे. वारा फिरला, होडी भलत्याच काठाला लागली आणि पोरे कुणाच्या टेम्पोतून घरी परतली, तरी क्लबापाशी येऊन त्यांनी मिळेल ती होडी घ्यायची, वल्ह्याचे चार हात मारायचे, वल्ह्याच्या मुठीने दार ठोकायचे आणि मग आत पाऊल टाकायचे. प्रत्येक जोडीची ठोकण्याची तऱ्हा वेगळी. पोरे या प्रकाराला हसायची, पण करायची सगळी.

मुंझिरची जोडी अन्वरशी होती. दोघे एकोणीस वर्षांचे. क्लबात सगळ्यात मोठा आवाज मुंझिरचा. वल्हवताना गायचा, गाणे येत नसले तर गुणगुणायचा, आणि अन्वर म्हणायचा, अरे मासे पळाले, आता तरी पुरे कर. एका दुपारी वायव्येचा वारा अचानक सुटला आणि सरोवराच्या मधोमध त्यांची होडी उलटली. मुंझिर कसाबसा दक्षिणेच्या काठाला लागला. अन्वर लागला नाही. कांद्याच्या ट्रकवाल्याने त्याला पोत्यांवर घातले आणि वरच्या आळीत, त्याच्या दारात आणून सोडले. मग ताप, मग आईचे रडणे आणि किनाऱ्याचे नाव न काढण्याची शपथ, मग परीक्षा, मग ट्युनिसचे कॉलेज. त्या पाण्याकडे पाठ फिरली ती फिरलीच.

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, मुफीदाने कफ्तेजी केली होती. तळलेल्या भोपळ्याचा आणि मिरच्यांचा वास घरभर होता. फोन वाजला. स्फाक्सला शिकणारी मुलगी आईशी पाऊण तास बोलली आणि फोन ठेवला.

“माझी चौकशी केली का?” मुंझिरने विचारले.

“केली. मी म्हटलं, बरे आहेत.” मुफीदाने पावाचा तुकडा मोडला. “दुसरं काय सांगणार? तुझी आई होती तेव्हा म्हणायची, माझा मुंझिर घर डोक्यावर घ्यायचा. मला वाटायचं, म्हातारी भलत्याच मुलाबद्दल बोलतेय. इतकी वर्षं झाली, तू घरात असतोस, पण उंबऱ्यावर उभा असल्यासारखा. आत ये म्हणावं तर आलेलाच असतोस.”

ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच त्याला ते जास्त लागले. त्याने ताट पुढे सरकवले. आपल्या हातून संसाराची सगळी कामे झाली आणि संसार तेवढा राहून गेला, असे त्याला पहिल्यांदाच इतके स्पष्ट वाटले.

पाण्याकडे भिंत उभी राहिली. नंतरच्या तपासणीला गेला तेव्हा गवंडी लसाद कपाळाला हात लावून उभा होता.

“साहेब, इथला गिलावा वाळत नाही. बाकी सगळा हॉल खडखडीत, अन् हा एवढाच ओला.”

छातीच्या उंचीवर एक ओला डाग होता. मुंझिरने बोट लावून जिभेला टेकवले. खारट. त्याने बाहेरून जाऊन पाहिले. बाहेरची बाजू उन्हाने तापलेली होती.

“वाळू कुठली वापरली?”

“खाणीतली. दोनदा धुतलेली. आईशप्पथ.”

“सरोवराचीच असणार. गिलावा काढ, नवा कर.”

लसादने नवा केला. डाग परत आला. आता तो एक नव्हता, शेजारी शेजारी दोन होते. माणूस दोन्ही तळवे टेकवून दारावर रेलला की जसे उमटतील, तितक्या अंतरावर. लसाद म्हणाला, वाळू बदलली साहेब, आता तुम्हीच सांगा काय बदलू. मुंझिरने खाऱ्या वाऱ्याबद्दल काहीतरी सांगितले. सांगताना त्याचे त्यालाच ते पटले नाही.

धोक्याच्या घंटेची चाचणी भर दुपारी होती. घंटा वाजली, कामगार हसतखिदळत अंगणात गेले, कुणी सिगारेटी पेटवल्या. मुंझिर हॉलमध्ये एकटाच थांबला. रिकाम्या जागेत घंटा कशी ऐकू येते ते त्याला पाहायचे होते. घंटा थांबली. कानात थोडा वेळ तिचा झणका राहिला, मग तोही विरला.

भिंतीवर टकटक झाली.

दोन ठोके. मग थोडे थांबून एक.

लाकडाचा आवाज होता. विटांवर लाकूड आपटले तर येईल तसा नव्हे. लाकडी दारावर वल्ह्याची मूठ आपटली की येतो तो. मुंझिरची उजवी मूठ आपोआप वळली. तीस वर्षांत त्याने अन्वरबरोबरचा तो ठेका कुणाला सांगितला नव्हता. कुठल्या टेबलावर बोटांनी वाजवलाही नव्हता.

तो धावत बाहेर गेला. दगडी पायऱ्या कोरड्या होत्या. पाणी स्थिर होते, दूर शिंपल्यांच्या शेतातले खांब दिसत होते, आणि जवळपास एकही होडी नव्हती.

खमैस आपल्या जागी बसून सार्डिन मासे साफ करत होता. मुंझिर त्याच्यासमोर उकिडवा बसला.

“अम खमैस, अन्वर आहे ना तो?”

“कुठं?”

“भिंतीमागं. तुम्ही म्हणाला होता, एक जण यायचा राहिलाय.”

खमैसने सुरी खाली ठेवली.

“अन्वर? अरे, अन्वर दुसऱ्याच दिवशी आला. शिंपलेवाल्यांना सापडला. रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती, त्याचा बाप म्हणाला इकडून न्या, मी म्हटलं नाही. माझ्या होडीतून आणला. दार ठोकलं, तुमच्याच ठेक्यानं, आणि आत घेतला. त्याचं सगळं रीतसर झालं. तो बिचारा कधीचा निजलाय.”

“मग?”

सार्डिनच्या पाटीत बघत खमैस हळूच म्हणाला, “त्या दिवशी दारातून दोघं गेला होतात, बाळा.”

मुंझिर हसायला गेला, पण हसू आले नाही.

“मी तर घरी पोचलो.”

“पोचलास?” खमैसने विचारले. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच माहीत नसल्यासारखे त्याने विचारले.

मुंझिरने शेरा मागे घेतला. पूर्वेच्या अंगणात दार झालेच होते, तेवढ्याने हॉलची गरज भागत होती. पाण्याकडचे दार होड्यांपुरते, आतून अडसर घातलेले, बाहेर पडायच्या दारांत न धरलेले, अशा तऱ्हेने ते नियमात बसले. आधीही बसले असते. त्याला बसवायचे नव्हते, एवढेच.

“मुंझिर आणि शेरा मागे?” कचेरीतले वरिष्ठ साहेब सही करताना म्हणाले. “तब्येत बरी आहे ना? की मुलीचं लग्न ठरलंय?”

लसादने भिंत फोडली आणि दुपार कलायच्या आत जाड लाकडी दार बसवले. सगळे गेल्यावर मुंझिरने दार नुसते लोटून घेतले, अडसर मुद्दाम काढून बाजूला उभा केला, आणि रस्त्याकडच्या दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. वापराचा दाखला मिळेपर्यंत इमारत त्याच्याच ताब्यात होती. उद्या सकाळी होडीतून यायचे आणि आत जायचे, बस्स. असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे त्याने स्वतःला बजावले. पण नुसते चार हात मारल्याने काही बिघडणार नव्हते, आणि न मारल्याने काय झाले ते त्याने पाहिले होते.

सकाळी सरोवरावर धुके होते. खमैस मागे बसला, मुंझिरने वल्ही धरली. हातांना सगळे आठवत होते. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले. दुपारी मुफीदाला हे सांगायचे, हसली तर हसू द्यायची, मग मुलीला आपणहून फोन करायचा, असे त्याच्या मनात आले, आणि इतका उशीर केल्याचे त्याला फार वाईट वाटले. तीस वर्षे दारात उभ्या असलेल्या माणसाशी त्या बिचारीने संसार केला होता.

होडी पायऱ्यांना लागली. त्याने दार ढकलले.

दार उघडले नाही. आतून अडसर घातलेला होता.

त्याने खमैसकडे पाहिले. खमैसने पाण्याकडे पाहिले.

मुंझिरने वल्हे उलटे धरून मुठीने ठोकले. दोन. मग थोडे थांबून एक.

आत नव्या फरशीवर पावले धावत आली. अनवाणी, ओली पावले.

“कोण?”

आवाज तरुण होता. मोठा, हसरा. आपला तो आवाज मुंझिरने तीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

“मी,” तो म्हणाला. “मुंझिर.”

“मुंझिर कालच आला,” आतला आवाज म्हणाला. अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तितक्या आपुलकीने.

मग पावले दूर जाऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर गुणगुणणे. रस्त्याकडच्या दाराला कुलूप होते, पण ते बाहेरून येणाऱ्यांसाठी. आतून नुसता आडवा दांडा ढकलला की ते उघडे, किल्ली लागत नसे. तसे नसेल तर दाखला देणार नाही, असे मुंझिरने स्वतः बजावले होते.

दांडा खटकन वाजला. गुणगुणणे मोकळ्या हवेत आले, आणि रमतगमत मुंझिरच्या घराकडे, वरच्या आळीच्या चढाला लागले.