रिकाम्या पलंगाचा आकडा

मंगळवार, चार नोव्हेंबर. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कॅमेऱ्याने रिकाम्या पलंगाचे पहिले छायाचित्र घेतले आणि त्याला जोडलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकाच्या, बोटभर पडद्यावर आकडा उमटला: ११,२६४.

तंत्रनिकेतनात उभी हयात शिकवून निवृत्त झालेल्या आणि विद्यार्थ्यांत ‘मायक्रोमीटर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या सरांनी तो आकडा पाठ केला. मग स्वतः पलंगावर बसून पाहिले, तेव्हा तो सोळा हजारांवर गेला. दुपारी त्यांची पत्नी रुग्णालयातून घरी यायची होती. आजाराने तिचा आवाज खोल गेला होता आणि वयाने यांचे कान मंदावले होते. मागच्या खेपेस हाका मारून ती थकली, एकटीच उठायला गेली आणि पडली. तो प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून कपाटावर नखाएवढा कॅमेरा बसवून, त्याच्या चार तारा त्यांनी दारातून शेजारच्या खोलीतल्या कामाच्या टेबलापर्यंत नेल्या होत्या.

व्यवस्था साधी होती. ठरावीक वेळाने कॅमेरा चित्र टिपे आणि ते पाठवण्याआधी त्याचा आकार किती बाइट, हे कळवी. चित्रात तपशील जितके अधिक, तितका आकडा मोठा. कोरी भिंत थोडक्यात सांगून होते. चुरगळलेली चादर, केस, चेहरा यांना जागा लागते. पलंग रिकामा झाला की आकडा अकरा हजारांवर उतरेल आणि घंटी वाजेल. आणखी एक गोष्ट ते वर्गात नेहमी बजावत: उजेड क्षणोक्षणी बदलतो, म्हणून एकाच जागेची दोन चित्रे शेवटच्या अंकापर्यंत कधीही जुळत नाहीत.

पलंगावर टेकताच पत्नीची नजर कपाटावर गेली.

“आता मलाही मोजणार का?”

“तू पडू नयेस म्हणून आहे ते.”

“मोजा बापडे. किती भरले?”

“पंधरा हजार नऊशे.”

“एवढी? अन् मला वाटलं, वाळून काटकी झाले.” कित्येक महिन्यांनी ती हसली.

त्यानंतर ती झपाट्याने सुधारू लागली. तोंडाला चव आली, गालांवर रंग चढला. डॉक्टरांनी निम्मी औषधे बंद केली. आकडा मात्र उतरू लागला. पंधरा हजार, मग चौदा. सरांचा स्वभाव साप समजून भुई धोपटण्याचा नव्हता. त्यांनी वीजदाब मोजला, सांधे नव्याने सोल्डर केले, भिंग पुसले, पडदे ओढून एकच दिवा एकाच जागी ठेवला. अखेर कॅमेराच नवा आणला. जुन्याने सोडला होता तिथूनच नव्या कॅमेऱ्याने तो उतार पुढे चालू ठेवला.

तेव्हा त्यांनी चित्रे मोठी करून पाहिली. पत्नी उशीला टेकून प्रसन्न बसली होती. उशीला खळगा नव्हता. तिच्याखालची चादर इस्त्री केल्यासारखी सपाट होती.

ते उठून पलंगापाशी गेले. तिथे उशी दबलेली होती, चादरीला सुरकुत्याही होत्या. त्यांनी त्या बोटांनी चाचपून पाहिल्या.

“काय शोधताय?”

“काही नाही. चादर सरळ करतोय.”

रविवारी मुलगी आली. आईला आधाराविना खिडकीपर्यंत चालताना पाहून तिचे डोळे भरले. वडिलांनी आकड्यांचे सांगताच मात्र ती वैतागली.

“बाबा, काखेत कळसा नि गावाला वळसा चाललाय तुमचा. आई समोर बसलीय की.”

त्यांनी ते मान्य केले. यंत्र काढून टाकीन, असे कबूलही केले. पण काढले नाही. आपण पाहिले नाही म्हणून आकडा थांबणार नव्हता.

गुरुवारी सकाळी घंटी वाजली. ते धडपडत आत गेले. पत्नी पलंगावर बसून केस विंचरत होती.

“कशाची घंटी? मी तर उठलेच नाही.”

दुपारी तिने हाताने जवळ बोलावले.

“खरं सांगा. किती आला?”

“पंधरा हजार नऊशे.”

“आयुष्यभर मोजमाप केलंत, पण खोटं बोलायला काही शिकला नाहीत.” ती जराशी सरकली. “या, बसा इथे.”

तारा पुरेशा लांब होत्या. मायक्रोकंट्रोलर हातात घेऊन ते तिच्या शेजारी बसले. मनाशी हिशेब केला: तिचे काही का होईना, आपण तर इथे आहोत, आकडा सोळा हजारांखाली येऊच शकत नाही.

गादी दोघांच्या भाराने दबली. तिचा हात उबदार होता. त्यांनी तो घट्ट धरला.

“आता उठू नका,” ती पुटपुटली. ते शब्द त्यांना कान न लावताही स्वच्छ ऐकू आले.

कपाटावरचा बारीक दिवा लुकलुकला.

त्यांनी तळहातातल्या पडद्याकडे पाहिले.

११,२६४.