हाताचा गुण

डॉ. शर्वरी मगदूम यांच्या स्कूटरचा आवाज ऐकला, की आजारी कुत्री बरी होतात, अशी मिरजेत ख्याती पसरली होती. ख्याती म्हटली की चार तोंडं फिरून येताना तिला शेपूट फुटायचंच. पण या शेपटाला पुरावा होता. मालगाव रस्त्यावरच्या 'भूतदया' आसऱ्यातल्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात वेदनापट्टा होता आणि पट्ट्यावरचा दिवा खोटं बोलत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हा पट्टा नाडी, श्वास आणि कातडीखालची थरथर मोजायचा आणि जनावराला किती दुखतंय ते ठरवायचा. हिरवा म्हणजे सुखात, पिवळा म्हणजे दुखतंय, लाल म्हणजे सोसवत नाही. रंग चढण्याआधी तो गळ्याशी जरासा गुणगुणायचा. लाल दिवा उतरेचना, तर जनावराला मागच्या खोलीत न्यायचं आणि सुई टोचून सोडवायचं, असा संस्थेचा नियम होता. मुक्या जिवाचे हाल नकोत, म्हणून. ती सुई शर्वरीच द्यायची.

आसऱ्यात ती सकाळपुरतीच येई. उरलेला दिवस आप्पांचा. साखर कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेल्या तिच्या वडिलांच्या मनगटावरही असाच पट्टा होता. दिवा लाल झाला तर तिचा मोबाइल वाजायचा. एकदाच वाजला होता. तेव्हा पुण्याहून धावत आलेल्या भावानं आप्पांसमोरच सांगून टाकलं होतं, "पुन्हा लाल झाला तर सरळ वृद्धाश्रम. तिथं नर्स तरी असते." त्यानंतर दिवा कधी चढला नाही. आप्पांनी या वयात प्राणायामही सुरू केला होता. त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावरच शर्वरी नोकरी करत होती.

"बघा मॅडम!" आसऱ्यातली मुमताज शिकलगार फाटकातच ओरडली. "मामीचा दिवा सकाळधरनं पिवळा होता. तुम्ही आलात की झाला हिरवा. हाताला गुण हाय तुमच्या!"

"अजून हात लावलाय कुठं?"

"मग पायाला असंल."

मामी म्हणजे आसऱ्यातली सगळ्यात जुनी कुत्री. एक कान फाटका, चाल सरपंचाची. शर्वरीकडे बघून तिनं शेपटी हलवली, पण जागची उठली नाही. बाकीची कुत्रीही आपापल्या गोणपाटांवर गप्प पडून होती आणि सगळ्यांचे दिवे हिरवेगार होते. गणपतीतल्या माळेसारखे.

कौतुक कुणाला आवडत नाही? शर्वरीलाही काही दिवस आवडलं. पण डॉक्टर कितीही मोठा असला, तरी रस्त्यावरून नुसता गेल्यानं गळवं बसत नाहीत. कुणीतरी आपल्याला खूश ठेवतंय. पण कोण?

पहिला संशय मुमताजवर. पाहुण्यांना हिरवे दिवे दाखवायचे म्हणून ही आधीच वेदनाशामक गोळ्या चारत असेल. शर्वरीनं गुपचूप रक्ताचे नमुने घेतले. ते गुपचूप राहिले नाहीत.

"माझ्यावर शक?" मुमताज कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, गोळ्या असत्या तर माझ्या गुडघ्याला नसत्या का खाल्ल्या?"

रक्तात औषधाचा मागमूस नव्हता. मग संशय पट्ट्यावर. शर्वरीनं एक पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि चिमट्यानं करंगळी दाबली. पट्टा गुणगुणला आणि चटकन पिवळा झाला. यंत्र चोख होतं. मुमताज हसून म्हणाली, "आता मागच्या खोलीत नेऊ का तुम्हाला?"

शर्वरी हसली नाही.

मग एके दिवशी स्कूटर पंक्चर झाली. ती गॅरेजला टाकून शर्वरी उसाच्या कडेनं चालत, मागच्या बाजूनं आसऱ्याकडे आली आणि कुंपणापाशी थबकली. आत जिकडेतिकडे पिवळे दिवे होते. कुणी पाय चाटत होतं, कुणी कण्हत होतं. मामी पोट आवळून कुंथत होती.

तेवढ्यात रस्त्यावरून दूधवाल्याची स्कूटर गेली. शर्वरीच्या स्कूटरसारखीच, खोकत खोकत.

आसऱ्यातले सगळे कान उभे राहिले. कण्हणं थांबलं. मामीनं मान पायांवर टेकवली, डोळे मिटले आणि लांब, संथ श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. शेजारचा लंगडा काळू तिच्याकडे बघून तसाच श्वास घेऊ लागला, मग त्याच्या पलीकडचं पिल्लू. योगवर्गच भरला म्हणा ना! आणि मामीपासून सुरू होऊन एकेक दिवा हिरवा होत गेला.

शर्वरीच्या हाताला गुण होता तो एवढाच. पट्टा गुणगुणतो, मग दिवा चढतो, मग ही बाई येते, मग मागची खोली, आणि तिथून कुणी परत येत नाही. कुत्र्यांनी हिशेब जुळवला होता.

ती धावतच आत गेली. मामीच्या गोणपाटाखाली न खाल्लेल्या भाकऱ्या लपवलेल्या होत्या. अंग तापलेलं, पोट ढोलासारखं ताणलेलं. गर्भाशयात पू झाला होता. गर्भाशय आजच काढलं नाही, तर मामी हिरव्या दिव्यासकट मेली असती.

"नेऊ मागं?" मुमताजनं विचारलं.

"मागं नाही. टेबल इकडे आण. सगळ्यांसमोर करायचं. आणि शुद्धीवर आली की इथंच, तिच्या जागेवर ठेवायची. बघू देत सगळ्यांना."

दुपारी मामीनं डोळे उघडले आणि मुमताजच्या हाताला नाक लावलं. तिचा दिवा पिवळा होता. हळूहळू काळूचाही झाला. मग त्या पिल्लाचाही. शर्वरी त्या पिवळ्या दिव्यांकडे बघत राहिली आणि एकाएकी हातातला कापूस टाकून उठली.

स्कूटर गॅरेजातच होती. ती घरी चालतच गेली. खिडकीतून आप्पा दिसले. खुर्चीत वाकून बसलेले, दोन्ही हातांनी कंबर धरलेली, मनगटावर पिवळा दिवा.

तिच्या चपलेखाली वाळू करकरली. आप्पा ताठ झाले. त्यांनी डोळे मिटले आणि लांब, संथ श्वास घेतला.

"आलीस? आज गाडी वाजली नाही ती?" दिवा हिरवा होता.

शर्वरी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. मनगटावरचा पट्टा सोडवून तिनं बाजूला ठेवला.

"आप्पा, कुठं दुखतंय?"

आप्पांनी आधी दाराकडे पाहिलं. मग कपाटावरच्या त्यांच्या बॅगेकडे.

"आधी तू सांग," ते म्हणाले, "सांगितलं तर मला कुठं नेणार?"